खुळखुळिणीचं बी

किल्लीताईचं दुकान म्हणजे एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. मागच्या बाजूला छत इतकं खाली उतरलेलं की कितीही ताठ गिऱ्हाईक आत शिरलं तरी आपोआप नम्र व्हायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, टेबलाला पक्का आवळलेला शिकंजा, शेजारी किल्ली कापायचं मशीन आणि एका डब्यात लहानमोठ्या कानशी. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. ते गेले तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि दुकान काढून टाकावं असं झाडून सगळ्यांचं मत होतं. तिने कोणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन शटर उघडलं, एवढंच. बोलून एखादी गोष्ट पटवून देणं तिला कधी जमलंच नाही. हाताने करून दाखवणं मात्र जमायचं.

किल्लीताई हे नाव गल्लीने ठेवलं आणि पुढे गल्लीबाहेरही तेच चाललं. दार ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली, की माणसं जशी असतील तशी तिच्याकडे धावत यायची. एकदा एक गृहस्थ अंगाला टॉवेल गुंडाळून, हातात दुधाची पिशवी धरून आले होते. तिने न हसता त्यांना स्टुलावर बसवलं, स्वतःचा स्वेटर त्यांच्या खांद्यावर टाकला आणि अवजारांची पिशवी उचलली. हसली ती संध्याकाळी, घरी सांगताना. नवरा शहर बसचा ड्रायव्हर, त्यामुळे त्याच्याकडेही असल्या गोष्टींचा रोजचा साठा असायचा. जेवताना दोघांची चढाओढ चाले आणि कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी मनी परीक्षकाच्या थाटात निकाल देई. बाबा तिखटमीठ लावून जिंकतात, अशी तिची कायमची तक्रार होती.

पण काही दारांबद्दल किल्लीताई घरी बोलत नसे. कधीकधी शेजारीपाजारी तिला बोलावून न्यायचे. आत एकटं म्हातारं माणूस राहतं, कालपासून दार उघडलेलं नाही, हाक मारली तर ओ नाही. अशा दारासमोर ती गुडघे टेकून बसली की हात नेहमीसारखेच शांतपणे चालायचे. कान मात्र आतल्या एखाद्या खोकल्यासाठी, भांड्याच्या आवाजासाठी आसुसलेले असायचे. बहुतेक वेळा आतलं माणूस नुसतं बहिरं निघायचं, किंवा पडलेलं पण शुद्धीवर. बहुतेक वेळा. नेहमी नाही.

वडील गेल्यावर आई दुसऱ्या गावी, तिच्या सासूच्या जुन्या घरी राहायला गेली होती. त्यामुळे तिथे एकट्या राहणाऱ्या आईला ती सकाळ-संध्याकाळ फोन करायची. आईने फोन उचलायला उशीर केला तर तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांपुढून नको नको ती दारं सरकून जायची. आई उचलायची आणि म्हणायची, "जिवंत आहे गं. वाटाणे सोलतेय."

मग एक दिवस आईच्या शेजारच्या मास्तरांचाच फोन आला. आई झारी घेऊन बागेत उतरताना पायरीवरून घसरली होती. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा चांगलाच दुखावला होता. किल्लीताईने शटर ओढलं, नवऱ्याने रजा टाकली आणि दोघं जाऊन आईला घेऊन आले. मागच्या खोलीत मनीच्या पलंगासमोर आईची खाट पडली. बोली एवढीच होती: गुडघा बरा होईपर्यंत.

आईने येताना उशी, चष्मा, दोन कपडे आणि वाळलेल्या काळ्या शेंगांचा एक जुडगा आणला होता. तो जुडगा ती खाटेच्या कठड्याला बांधून ठेवी आणि कोणाला बोलवायचं असलं की हलवी. शेंगांतल्या बिया अशा काही खुळखुळत की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाई. एकदा वाजला की चहा, दोनदा वाजला की चहात साखर कमी. जावयाला या व्यवस्थेची इतकी मजा वाटली की तो बाहेरून आल्याबरोबर विचारायचा, "आज कितीदा झालं?"

आईची जीभ मुळातच धारदार. इथली खिडकी लहान, इथलं पाणी जड, इथले कावळेसुद्धा उशिरा उठतात. गुडघा सुधारत गेला तशी ती काठी घेऊन खोलीत फिरू लागली आणि रोज एकदा तरी म्हणू लागली, "चला, आता माझं निघायचं बघा." किल्लीताईला सांगायचं होतं की आई, तू इथेच राहा, मला त्या दारांची भीती वाटते. पण ती दारं आईला सांगायची कशी? शेवटी एका रविवारी भाजी निवडता निवडता तिने कसंबसं तोंड उघडलं, आणि म्हणाली ती एवढंच, की आई, इथेच राहिलीस तर.

"मी काय बसमध्ये विसरलेली छत्री आहे?" आई म्हणाली. "राहिली तिथे राहिली?"

मग लेकीचा चेहरा बघून ती जरा मऊ झाली. तुमचं सगळं इथे आहे, म्हणाली, कामं आहेत, माणसं आहेत. माझं काय आहे इथे? माझं म्हणावं असं एक झाडसुद्धा नाही.

आईचं झाड म्हणजे खुळखुळीण. त्या शेंगा तिच्याच. आईच्या घराच्या दाराशी ती आईच्या सासूने लावलेली, म्हणजे वयाने किल्लीताईपेक्षाही मोठी. कमरेएवढी वाढायची, पानं निळसर हिरवी, आणि बहर आला की मटारच्या फुलांसारख्या निळ्या फुलांचे उंच तुरे. थंडीत वरचा सगळा भाग वाळून जाई आणि ऊब आली की तीच खुळखुळीण मुळापासून पुन्हा उभी राही. दरवर्षी लावायची भानगड नाही. मात्र तिची मुळं इतकी खोल की तिला हलवता येत नसे. एका मावशीने एकदा हट्टाने तिचा फुटवा खणून न्यायचा प्रयत्न केला होता. दुपारभर घाम गाळल्यावर मावशीच्या हातात कुदळीचा मोडका दांडा तेवढा राहिला.

"मी लावते खुळखुळीण," किल्लीताई म्हणाली. "बियांपासून. इथे."

आई इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिने म्हणे आयुष्यभर ते बी आल्यागेल्याला वाटलं होतं, कुंपणाकडेने मुठीमुठीने फेकलं होतं, पण एक म्हणून उगवलं नव्हतं. ते बी नव्हतंच, खडे होते. हसू ओसरल्यावर तिने काठी जमिनीवर आपटली.

"उगवली तर राहीन मी इथे. जा. पण नाही उगवली तर डॉक्टर हो म्हणाले की मी निघाले. मग कोणी अडवायचं नाही आणि कोणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

मनीने आजीकडून तीनतीनदा वदवून घेतलं आणि स्वतःला साक्षीदार नेमलं.

किल्लीताईला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई फाटकाच्या किल्ल्या करून घ्यायला तिच्याकडे यायच्या. किल्ली कापता कापता तिने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा बियांची साल फार टणक असते, पाणीच आत शिरत नाही. साल कुठेतरी थोडी घासायची, रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, बी फुगलं की पेरायचं. आणि या जातीच्या झाडांना घाई चालत नाही, हेही त्यांनी बजावलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, फुलं दिसायला दोन-तीन वर्षं.

घासायचं म्हटल्यावर किल्लीताईला धीर आला. तिचा अर्धा जन्म घासण्यातच गेला होता. तिने आईच्या जुडग्यातल्या काही शेंगा मागून घेतल्या. आईने त्या दिल्या, पण आपली घंटा बिघडते आहे अशी कुरकुर करत. शेंगा फोडल्या तर निम्म्या बिया किड्यांनी पोखरलेल्या. धडक्या तेवढ्या निवडून ती दुकानात घेऊन गेली, एकेक बी चिमट्यात धरलं, भिंग डोळ्याला लावलं आणि नीट न्याहाळलं. गुळगुळीत, तपकिरी, कुठे फट नाही. एका बाजूला मात्र बारीकसा डाग होता, शेंगेला जिथे बी चिकटलेलं असतं तिथे. तिला तो बघताच ओळखीचा वाटला. सगळं बंद आणि एकच बारीक छिद्र: ही किल्लीची जागा. तिने सगळ्यात नाजूक कानस काढली आणि बरोबर त्या डागावर, एकेका बियेला, किल्लीचा दाता साफ करावा तसं घासलं.

सकाळी वाटीतल्या बिया दुपटीने फुगल्या होत्या. मनीने त्यांचे फोटो काढले, जावईबापूंनी सासूबाईंच्या खाटेसमोर वाटी नाचवली. आई वाटीत डोकावली आणि चष्मा पुसून पुन्हा डोकावली. बिया मागच्या खोलीच्या खिडकीतल्या कुंड्यांत पेरल्या आणि पुढचे कितीतरी दिवस त्या कुंड्यांपुढून जो तो वाकून जायचा. किल्लीताई दुकानातून दुपारी दोनदा घरी चक्कर टाकायची आणि किल्ल्यांचे कच्चे तुकडे विसरले होते असं सांगायची.

काहीच वर आलं नाही. शेवटी तिने काडीने माती उकरली. बिया मऊ पडून सडल्या होत्या. बोटाने दाबलं की पिचत होत्या. तिने दुसऱ्या शेंगा मागितल्या, पुन्हा तसंच केलं, अधिकच काळजीने, त्या डागावर अधिकच बेताने. पुन्हा तोच प्रकार. बी फुगायचं आणि कुजायचं.

डॉक्टरांनी तेवढ्यात गुडघा दाबून, वाकवून, आईला खोलीभर चालायला लावून सांगितलं की आता काळजी नाही, काठी घेऊन कुठेही जा. आईने खाटेखालून पिशवी ओढली आणि झटकली. पैज जिंकल्याचा आनंद मात्र तिच्या तोंडावर काही दिसेना. ती पिशवीत उशी घालायची, मग पाठ दुखते म्हणून पुन्हा काढायची. जुडग्यात आता शेवटची एक शेंग उरली होती. तीही तिने स्वतःच तोडून लेकीच्या हातात ठेवली.

"घे. म्हणजे नंतर म्हणायला नको की आईने कमी दिल्या."

त्या दिवशी पायाला सराव हवा म्हणून आई किल्लीताईबरोबर दुकानात आली. कितीतरी वर्षांनी येत होती. लग्न झाल्यावर ती याच जागी, त्याच स्टुलावर बसून नवऱ्याच्या कामाकडे बघत विणकाम करायची. आताही ती तिथेच बसली, छत कसं अजून डोक्यात येतं यावर दोन शब्द बोलली, एका गिऱ्हाइकाला त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय हे सांगितलं आणि मग लेकीच्या हातांकडे बघत राहिली. किल्लीताईने शेंग फोडली. धडक्या बिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिने पहिली चिमट्यात धरली, डाग वर केला आणि कानस टेकवली.

"तिथे का घासतेस?" आईने विचारलं.

"तेच तोंड आहे त्याचं. आत जायची वाट तिथूनच."

"आत जायची की बाहेर यायची?"

किल्लीताईची कानस थांबली.

"तुझे बाबा," आई म्हणाली, "किल्ली हरवलेलं जुनं कुलूप कोणी आणलं तर त्याच्या तोंडाला हात लावायचे नाहीत. तोंड बिघडलं की कुलूप कायमचं गेलं, म्हणायचे. उलटं करायचे आणि पाठीकडून उघडायचे. मी कितीदा बघितलंय."

ते किल्लीताईनेही बघितलं होतं. लहानपणी स्टुलावर उभी राहून बघितलं होतं, पुढे स्वतः केलंही होतं. पण तसली कुलपं येणं बंद होऊन जमाना झाला. आता सगळा कारभार लॅचचा आणि मशीनचा. तिने चिमटा भिंगाखाली फिरवला. त्या डागाशेजारी, सालीखाली, आतल्या अंकुराचा एक बारीकसा उंचवटा दिसत होता. मूळ फुटणार ते इथूनच. आणि ती इतके दिवस नेमकी तिथेच कानस चालवून, मूळ बाहेर यायच्या आतच त्याचं टोक कापत होती.

तिने बी उलटं केलं. पाठीवर, डागापासून सगळ्यात लांब, दोनदा कानस फिरवली. तपकिरी सालीत फिकट ठिपका दिसताच थांबली. दुसरी घेतली. तिसरी. आणि तिसऱ्या बियेपाशी तिच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला, जो खरं तर आधीच पडायला हवा होता. आई गप्प बसली असती तर या बियाही कुजल्या असत्या. पिशवी भरलेलीच होती. आई जिंकलीच होती.

तिने मान वर केली. आई रस्त्याकडे बघत होती, जणू तिथे कोणाची वरात चालली आहे.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई तिकडेच बघत म्हणाली. "चुकीचं काम माझ्याच्याने बघवत नाही, म्हणून बोलले. पैज आपल्या जागी आहे."

"हो," किल्लीताई म्हणाली. आणि भिंग पुसायचं निमित्त करून तिने डोळे पुसून घेतले.

या वेळी बिया सावकाश फुगल्या. आईने जाणं लांबवलं. कारण असं दिलं की हरलेल्याला शेवटपर्यंत संधी द्यावी, नाहीतर मनी साक्षीदार म्हणून काहीबाही लिहून ठेवेल. कुंड्या तिच्याच खिडकीत होत्या. ती दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसायची आणि सगळ्यांना सांगायची की मी ढुंकूनही बघत नाही.

एका सकाळी किल्लीताई दुकानात जायला निघाली होती, नवरा बूट घालत होता, आणि मागच्या खोलीतून धडाधड आवाज यायला लागला. लोखंडावर काहीतरी आपटत होतं. थांबत नव्हतं. आईची घंटा तर केव्हाच संपली होती. किल्लीताईच्या हातातली पिशवी गळून पडली. त्या चार पावलांत तिला ती सगळी दारं आठवली. नवरा एक बूट घालून तिच्या मागे, मनी तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन त्याच्या मागे.

आई खिडकीशी उभी होती. काठी खाटेवर आडवी, आणि आई काठीशिवाय, स्वतःच्या दोन पायांवर, एका हाताने चमचा खाटेच्या कठड्यावर बडवत आणि दुसऱ्या हाताने कुंडीकडे दाखवत.

मातीतून एक वाकडी हिरवी मान वर आली होती. अजून बियेची साल टोपीसारखी डोक्यावर तशीच होती. शेजारच्या कुंडीत माती थोडीशी उचलली गेली होती.

"आई, अगं जीव गेला माझा," किल्लीताई म्हणाली आणि खाटेवर बसली.

"तुझा कशाला? पैज मी हरले," आई म्हणाली. तिचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता. जावयाला त्या दिवशी बसवर पोचायला उशीर झाला. कारण विचारलं तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नाही.

पण आई इतक्या सहजासहजी हरणारी नव्हती. उगवणं वेगळं आणि रुजणं वेगळं, असा तिने नवा मुद्दा काढला. उगवलं ते ठीक, पण एक थंडी काढली तर खरं. तोवर मी थांबते, निर्णय नंतर. कोणी हरकत घेतली नाही. तिच्या घरात मास्तरांचा भाचा आणि त्याची बायको राहायला आले, निदान घराला माणसांचा वावर राहील म्हणून, आणि दाराशी असलेल्या मोठ्या खुळखुळिणीबद्दल आईने त्यांना फोनवर इतक्या सूचना दिल्या की त्या बिचाऱ्या मुलीने स्पीकर चालू करून सगळ्या पोळ्या लाटून घेतल्या.

खिडकीतल्या कुंड्यांत ती रोपं वीतभर झाली, निळसर पानं काढली, आणि थंडी पडताच वाळून गेली. मातीवर नुसती काळी काडी उरली. आई शांत होती. किल्लीताईही तिच्याकडे बघून शांत राहायचा प्रयत्न करत होती. धीर सुटला तो ड्रायव्हरसाहेबांचा. सासूबाई निघून जातील या भीतीने ते पहाटे ड्यूटीला जाण्याआधी चोरपावलांनी यायचे आणि कुंड्यांना पाणी घालायचे. एकदा अंधारात पांघरुणाखालून आवाज आला.

"जावईबापू, झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. गुदमरेल ती."

ऊब परतली तेव्हा दोन कुंड्यांतून जांभळट, जाडसर कोंब वर आले, मुठीतून बोटं उघडावीत तसे. आता मात्र आईने घर डोक्यावर घेतलं. कुंडीत तिची मुळं कोंबून ठेवायची नाहीत, हिला जमीन हवी, आजच्या आज. राहत्या इमारतीच्या पुढे जिन्यालगत मातीचा एक पट्टा होता. आई काठी टेकत तिथे उतरली, सकाळी बघून आली, दुपारी बघून आली, ऊन कुठे किती वेळ थांबतं याचा अंदाज घेतला आणि निकाल दिला. सगळ्यात चांगली जागा होती ती जावयाच्या स्कूटरची.

"आई, तुम्ही म्हणाल तिथे लावू," तो म्हणाला. "पण ही सोडून. सगळ्या पट्ट्यात मला हीच एक जागा मिळाली आहे. दुसरीकडे लावली आणि नाही आवडलं तर हलवू की मग."

"हलवू? अहो, ही एकदा बसली की हलत नाही. माझ्या सासूने लावली ती मी हलवू शकले नाही. उद्या तुमच्या नातवंडांनासुद्धा हलवता यायची नाही. म्हणून जागा आधी नीट बघून घ्यायची. मला वरच्या खिडकीतून ती रोज दिसली पाहिजे."

किल्लीताई खुरपं हातात घेऊन उभी होती. 'रोज' हा शब्द तिने ऐकला. नवऱ्यानेही ऐकला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि स्कूटर स्टँडवरून काढली. फुलं यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत, हे त्याला बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि एवढ्या वर्षांसाठी स्कूटर लांब लावायची त्याची तयारी होती.

किल्लीताईने पहिली कुंडी आडवी केली, मुळांना धक्का न लावता मातीचा गोळा अलगद हातावर घेतला आणि खड्ड्यात बसवला. आई शेजारी काठीने हद्द आखत होती. आखता आखता ती शेजारच्या सायकलीपर्यंत पोचली.

"एवढी?" मनीने विचारलं. "आजी, ती बोटाएवढी आहे अजून."

"आज आहे," आई म्हणाली, आणि सायकल कोणाची आहे ते विचारायला जिना चढू लागली.